माल आत घ्या, खाट येतेय

जमलेल्या भावांनो, बहिणींनो, आणि आबांची लेक कविता,

मला माईकची सवय नाही. मला गिऱ्हाइकाशी बोलायची सवय आहे, आणि भांडायची. दोन्हीला माईक लागत नाही. मघाशी वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, तेव्हा मी ठरवलं होतं की दोन शब्द बोलायचे आणि बसायचं. पण आबांच्या फोटोकडे बघितलं आणि कळलं, दोन शब्दांत हे आवरायचं नाही. जरा सांभाळून घ्या.

मी सुमन. आपल्या गल्लीच्या मधोमध आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. गल्लीतल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पण शिंदखेड्याहून, जळगावहून पाहुणे आलेत, त्यांना लोटन आबा आमचे कोण होते ते सांगायला हवं.

नात्यानं कोणी नव्हते. उभी नोकरी आबांनी आगीचा बंब चालवला. रिटायर झाले आणि आमच्या गल्लीच्या पार आतल्या टोकाला एक खोली घेऊन राहिले. आले त्याच दिवशी त्यांनी गल्ली पावलांनी मोजली. आम्हाला वाटलं, म्हातारा काहीतरी हरवलेलं शोधतोय. मोजून झाल्यावर आमच्या ओट्यावर बसले, पाणी मागितलं, आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "भाऊ, आठे आग लागनी तं बंब येवाव नही."

हे म्हणाले, "इथे कशाला आग लागेल? आबा, चांगलं बोला."

आबा म्हणाले, "चांगलंच बोली राह्यनू. बंब नही येवाव, पण खाट तं जावाले पाहिजे ना?"

आणि पुढच्या शुक्रवारी खाट आली!

ऐन बाराला. गल्लीत मुंगीला वाट नाही. आणि समोरून आबा आणि एक हमाल येताहेत, सुतळीनं विणलेली खाट धरून. खाटेवर दादर ज्वारीचं भरलेलं पोतं, वर चादर. कोणाला काही माहीत नव्हतं. एका पाहुण्यानं टोपी काढून हात जोडले. एका बाईनं पदर डोळ्याला लावला. कापडवाले शेठ इथे बसलेत, त्यांनी तर "कोण गेलं हो?" म्हणून दुकानातनं फुलं आणली. शेठ, हसू नका, आणली होतीत तुम्ही.

आबा काय करायचे? गल्लीच्या आतल्या टोकापासून आग्रा रोडपर्यंत खाट न्यायचे. जिथे खाट अडकेल तिथे उभे. ओरडायचे नाहीत, भांडायचे नाहीत. नुसते उभे. मागे गर्दी तुंबायची, गिऱ्हाईक चिडायचं, आणि ज्याचा माल रस्त्यावर असेल त्याला लाजेकाजेस्तव तो आत घ्यावा लागायचा. लोक म्हणायचे, आबा, सकाळी सातला न्या ना खाट, गल्ली मोकळी असते. आबा म्हणायचे, मोकळी गल्ली मोजून काय करू? माणूस काय सातची वेळ धरून पडतो?

आणि नियम असा, की या शुक्रवारी ज्याच्या मालानं खाट अडवली, पुढच्या शुक्रवारी खाटेचा पायथा त्यानं धरायचा. उशाला आबा स्वतः.

सांगायला लाज वाटते, पण सलग पाच शुक्रवार पायथ्याला मी होते. हो, मीच! पिंपं, कळशा, घागरी, सगळं रस्त्यावर. मी त्यांना काय काय बोलले! म्हणाले, आबा, सणासुदीचं हे अशुभ कशाला मिरवता? म्हणाले, तुम्हाला पेन्शन आहे, आम्हाला विकून खायचंय. आबा ऐकून घ्यायचे. मग एवढंच म्हणायचे, "अक्का, जरा तिरपी धरा. आते तुम्हनंच दुकान येई राह्यनं."

सहाव्या शुक्रवारी मी माल ओट्याच्या आत ठेवला. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. माझे खांदे दुखत होते म्हणून.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, आबा, हे वेड कुठून लागलं? तेव्हा चहा पीत होते. कप खाली ठेवला. म्हणाले, नोकरीत असताना एका गल्लीच्या तोंडाशी बंब घेऊन उभा होतो. टाकीत पाणी पूर्ण भरलेलं. हात हॉर्नवर. पुढे हातगाड्या, पाट्या, मांडव. आत जाता येईना. आतल्या माणसाला लोकांनी शेवटी बाहेर आणलं, पण फार उशिरा आणलं. कुठलं गाव ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. उरलेला चहा मात्र त्यांनी तसाच ठेवला.

आता जे सांगायचंय ते सांगते.

आमचे हे समोर बसलेत, पहिल्या रांगेत. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. दुपारची वेळ, दुकानात हीऽऽ गर्दी. हे माळ्यावरून डबे काढून उतरले, घाम पुसला आणि तिथेच खाली बसले. मग आडवे झाले. मी हाक मारतेय, हे ओ देत नाहीत. कोणीतरी फोन केला. अँब्युलन्स आली, पण आली म्हणजे कुठे? आग्रा रोडवर. गल्लीच्या तोंडाशी.

तो शुक्रवार नव्हता. पण खाट आली. आबा चपला न घालता आले होते. पोतं घरीच टाकलेलं. ह्यांना खाटेवर घेतलं. पायथा कापडवाल्या शेठनी धरला. आबांनी एकच हाक दिली, "खाट शे, खाट!" आणि काय सांगू तुम्हाला, गल्ली उघडली! बांगडीवाल्या भाभींनी स्टँड आत ओढला, चपलेवाल्यानं चपलांचं पोतं ओढलं, गिऱ्हाइकं आपोआप ओट्यांवर चढली. इतक्या शुक्रवारांची सवय होती ना. खाट कुठे म्हणजे कुठेच अडली नाही. मी मागे धावत होते आणि माझ्या डोक्यात एकच, की आज माझा माल आत आहे. आज माझा माल आत आहे.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. हे समोर बसलेत ते त्यामुळे.

म्हणजे या गल्लीत शेवटपर्यंत कोणी शहाणं राहायला हवं होतं, तर ते मी. की नाही?

चार महिन्यांपूर्वी आबांच्या पायांतलं बळ गेलं. दम लागायला लागला. खाट त्यांच्या खोलीबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली. पहिला शुक्रवार गेला, गल्ली जशीच्या तशी. दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात लग्नसराई लागली आणि मी एक पिंप ओट्याच्या खाली, रस्त्यावर ठेवलं. एकच. लोकांना दिसावं म्हणून. माझं पिंप बघून शेजारच्यानं टोपलं ठेवलं. त्याचं बघून त्याच्या शेजारच्यानं. महिन्याभरात गल्ली पुन्हा होती तशी. सुरुवात कोणी केली? मी केली. कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. आज सांगते.

आबांना दवाखान्यात न्यायचं ठरलं, तेव्हा कविता जळगावच्या मेहरूणहून आली होती. रिक्षा आत येईना. खाटही निघाली नसती. मग आबा तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत निघाले. अख्खी गल्ली, त्या पायांनी. कविता, तुला आठवत असेल. माझ्या दुकानापुढे तुम्हा दोघांना शेजारी शेजारी जाता येईना. आबा थांबले. मी गल्ल्यावरून उठले. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं असं मला मनापासून वाटत होतं हो. त्यांनी पिंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग अंग तिरपं करून, भिंतीला घासत निघून गेले. जाताना म्हणाले, "असू द्या, अक्का. लग्नसराई शे."

इतक्या वर्षांत आबा मला पहिल्यांदा "असू द्या" म्हणाले.

आठ दिवसांनी ते गेले. दवाखान्यात गेले, आजारानं गेले, माझ्या पिंपानं नाही गेले, हे मला कळतं. तरी ते "असू द्या" माझ्या उरात अडकून बसलंय. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हाताऱ्यानं माझ्यावर माया केली, आणि नेमकी चुकीच्या वेळी केली.

आज सकाळी मी माल आत घेतला. कौतुक करू नका. लाजेनं घेतलाय, आणि लाज काही फार दिवस टिकत नाही. मी स्वतःला ओळखते. पुढच्या सीझनला मी पुन्हा एक पिंप बाहेर ठेवीन. तेव्हा कोणीतरी येऊन माझ्यापुढे उभं राहा. मी बोलेन, वाटेल ते बोलेन, माझं तोंड तुम्हाला माहीत आहे. तरी हलू नका.

येत्या शुक्रवारी, बाराला, खाट निघेल. कविताला विचारलंय, ती हो म्हणाली. नियमाप्रमाणे पायथा माझा. उशाला कोण ते मला माहीत नाही.

अहो, तुम्ही कशाला उठताय? बसा. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलंय ना? बसा म्हणते ना मी.

…

बरं. धरा तुम्ही उशाला.

पण मग पोतं नको. या शुक्रवारी खाट रिकामीच नेऊ.

चला, सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. मीही बोलणार नाही.

लोटन आबा, जय भीम.