कोंबडीने खाल्लेले माड

हसाल मला, पण सांगते. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी माझे धाकटे दीर, पांडू आणि विठू, पार्शे गावातल्या माडांच्या वाटणीवरून एकमेकांशी बोलेनासे झाले. मी काही शाळेत गेले नाही. सारवलेल्या अंगणात रांगोळीने बागायत काढली आणि एकेका माडाच्या जागी भाताचा एकेक दाणा ठेवला. मधून रेघ ओढली, तशी दोघांनाही वाटणी पटली. इतक्यात कोंबडी आली आणि विठूच्या बाजूचे चार दाणे टिपून गेली.

विठू ओरडला, "वयनी, माझे चार माड गेले! पांडूच्यातले दोन मला द्या!"

"कोंबडी तुझीच ना? मी कशाला देऊ?" पांडू उसळला.

मी म्हटलं, "अरे शाण्यांनो, बागायतीत जाऊन बघा, माड उभे आहेत का!"

आणि दोघे खरंच गेले की बघायला, एकाच सायकलवर बसून!