माझी चरबी, तिचा गुडघा

…नाय पण तुम्हीच सांगा, माल घरात, गिऱ्हाईक घरात, अन् व्यवहार नाय, असं कुठं असतं का? गारखेड्यात माझं भांड्याचं दुकान. फुटकी कळशी घेऊन कुणी आलं तरी मोडीत घेतली, नवी दिली, रिकाम्या हातानं कुणाला धाडलं नाय… अन् आज माझ्याच पोटावरची चरबी माझ्याच बायकोच्या गुडघ्याला चालत नाय!

थांबा, नीट सांगतो. आमची रत्नमाला. दुकान नावालाच माझं. माळ्यावर कढई कुठं, परात कुठं, तिलाच मालूम. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच पुटपुटायची, ‘अहो, ह्या बाईला काही घ्यायचं नाय, नुसती चौकशी करायला आलीय.’ अन् खरंच तसंच! तर तिचे गुडघे गेले. घर दुकानाच्या समोर, वरच्या मजल्यावर, पण जिना उतरवत नाय. दिवसभर खिडकीत बसून दुकानाकडं बघते. अन् मी गल्ल्यावर बसून खिडकीकडं. बघवत नाय हो…

म्हणून तनुजा डॉक्टरकडं नेलं. ती म्हणाली, ‘काका, पोटावरची थोडी चरबी काढायची, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या अन् गुडघ्यात सोडायच्या. काहींना आराम पडतो. पण खात्री देत नाय, यावर अजून संशोधन चालू आहे.’ खात्री नाय असं स्वतःहून सांगणारं दुकान मी जन्मात पहिल्यांदा बघितलं! तिथंच विश्वास बसला.

मग तिनं रत्नमालाचं पोट चिमटीत धरून बघितलं… चिमटीत आली नुसती कातडी! येणार कुठून? सोमवार, चतुर्थी, एकादशी, उरलेल्या दिवशी ‘मला भूक नाय’. डॉक्टर म्हणाली, ‘काकू, ह्यातून पुरेसं निघणार नाय.’

मी तिथंच शर्टाची बटणं काढली. म्हटलं, ‘घ्या! लागंल तेवढी घ्या!’

‘काका, बटणं लावा. ज्याची त्यालाच देतो आम्ही. दुसऱ्याची नाय.’

‘दुसऱ्याची? अहो, नवरा आहे मी! अन् ही चरबी आली कुठून? हिच्याच हातच्या पुरणपोळ्या! माल हिचाच, फक्त गोदाम माझं!’

रत्नमाला पदर तोंडाला लावून हसली. किती दिवसांनी हसली, सांगू? पण डॉक्टर काही ऐकंना. माल घरात, गिऱ्हाईक घरात, अन् व्यवहार नाय! शेजारच्या रामकिसन बांगडीवाल्याला सांगितलं, तर तो म्हणतो, ‘शेठ, तुमचा माल बाजारात उतरवू नका, तुपाचे भाव पडतील!’ लोकांना काय, मजा वाटते…

मग मी म्हटलं, आपणच माल तयार करू! डॉक्टर नको म्हणत होती, ‘काका, वजन वाढलं की गुडघ्यावरच भार येतो.’ पण ऐकतो कोण? डिंकाचे लाडू आणले, साजूक तूप आणलं, बासुंदी आणली. खिडकीत ताट मांडायचं, ‘रत्ना, एवढा एक घास.’ ती लाडवाचा तुकडा मोडणार, नजर दुकानावर, ‘अहो, तो बघा, पातेलं उलटं करून बघतोय, तो घेणार, पळा!’ अन् ताट माझ्याकडं सरकवणार, ‘मला जात नाय, तुम्ही संपवा, वाया नको जायला.’ आता डिंकाचा लाडू वाया घालवायचा? एवढी हिंमत आहे कुणात? मी खाल्ला. रोज खाल्ला. डोळ्यांत पाणी आणून खाल्ला!

काल परत गेलो दवाखान्यात. काट्यावर ती होती तेवढीच. अन् मी… काटा सोडा. मलाच जिना चढताना भिंत धरावी लागली. डॉक्टरनं माझा गुडघा वाकवला, कटकन वाजला. म्हणाली, ‘काका, झिजायला लागलाय. पण तुम्हाला चरबीची फिकीर नाय.’

आता खिडकीत दोन खुर्च्या आहेत. समोर दुकान आमचा पोरगा बघतो, अन् गिऱ्हाईक कोणतं घेणार, कोणतं नाय, ते आम्ही दोघं वरून एकमेकांना सांगतो. व्यवहार शेवटी झाला म्हणा… माझी चरबी काही तिच्याकडं गेली नाय, पण तिची गुडघेदुखी मात्र माझ्याकडं आली. घरपोच!