नळीतलं फडकं

धूर तपासणीच्या रांगेत शिंपी स्कूटर धरून उभा होता. त्याच्या पुढे नुकतीच विकत घेतलेली एक जुनी गाडी होती. गाडीशेजारी घरोघर जाणारी नर्सबाई होती आणि तिचा गॅरेजवाला मिस्त्री. शिंप्याची स्कूटरही याच मिस्त्रीकडे जायची.

“बाई, दोनदा काळा धूर निघालाय. आज तिसऱ्यांदा निघाला की गाडी थेट भंगारात. तरी सांगत होतो, इंजिन उघडू.”

“उघडलं की. पण इंजिन नाही, हवेच्या फिल्टरचं झाकण. मी स्वतः.”

“घ्या! आता गाडीला सलाईन लावा!”

“हसा. गाडी गेली तर माझे बारा पेशंट मलमपट्टीची वाट बघत पडून राहतील. आत काय सापडलं, सांगू?”

“उंदीर असेल.”

“फडकं. नळीत बोळा करून कोंबलेलं. गाडीला श्वासच नव्हता.”

“ते... फिल्टर साफ करताना लावतो आम्ही. आत कचरा जाऊ नये म्हणून.”

“आणि काढायचं कोणी, माझ्या सासूनं?”

“हळू बोला हो! मागे माझं गिऱ्हाईक उभं आहे.”

“ऐकू दे! मी पेशंटच्या पोटात बोळा विसरले असते तर तुम्ही हळू बोलला असता?”

तेवढ्यात नर्सबाईची गाडी यंत्राला लागली. खिडकीतला माणूस ओरडला, “पास! एकदम स्वच्छ! पुढचा या!”

“बाई, अभिनंदन. ऑइल बदलायला आणा मग.”

“कालच बदललं. दारात, एकटीनं.”

शिंप्यानं स्कूटर पुढे ढकलली.

“ताई, तुम्हाला घाई नसेल तर आधी माझंही झाकण उघडून बघता का?”