मास्तरांचा मोडम अन् भिमाबाईचा फोन

...तं मंग घ्यावाच काऊन म्हणते मी असला मोडम, ज्याले सवताचं डोकंच नाही? सांगा ना! तुम्हाले सांगते, आता तुमच्या हातातल्या फोनात सारं इंटरनेट मावते, पण आमच्या मास्तरांनी कम्प्युटर आणला तवा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून येत जाय, अन् ते आत घ्याले कम्प्युटरच्या पोटात एक पट्टी बसवा लागे, तिचं नाव मोडम. आमचे मास्तर म्हणजे माहे मालक, सहदेव मास्तर, जळगाव जामोदले शाळेत भूगोल शिकवत. सारी दुनिया नकाशात पाह्यलेला माणूस, म्हणे आता खरी पाहीन! गेलो खामगावले. दुकानदार म्हणे, "मास्तर, बाहेरचा डब्यावाला मोडम महाग पडते, हा आतला घ्या. याले फक्त सवताचा मेंदू नाही, हा कम्प्युटरच्याच मेंदूवर चालते." मी तिथंच म्हणलं, अवो, हा तं घरजावई झाला! राहते त्याच्या घरात, खाते त्याचं, अन् सासरा आजारी पडला तं हा काय करन? पण माहं ऐकते कोण... हाव हाव म्हणत घेऊन आले.

अन् हे ध्यानात घ्या, आमच्या गल्लीत फोन एकच. आमचा! कोणाचा भाऊ पास झाला, कोणाची सासू गेली, सारे निरोप आमच्या घरी. अन् हा मोडम एकदा चालू झाला का फोन एंगेज. लाईन काही सोडत नाही!

त्या दिवशी काय झालं, आमच्या शेजारची भिमाबाई सकाळपासून आमच्या ओसरीत बसेल. बिचारी अंगणवाडीत मदतनीस, नवरा लवकर गेला, एकुलती एक पोरगी समीक्षा, ते दिली खामगावले. पोरगी पहिलटकरीण, बाळंतपणाले इकडे यायचीच होती, तं त्याच्या आधीच पोटात दुखाले लागलं. सकाळी जावयाचा, प्रसेनजितचा, फोन आला, "मामी, दवाखान्यात आणलं आहे. डॉक्टर म्हणतेत इथंच होईन, नाहीतं अकोल्याले न्या लागन. तुमी फोनपाशीच बसा, कोठी यायचं ते मी सांगतो." आता बसली ते माय फोनकडे पाहत. चहा दिला तं चहावर साय आली, पण कप उचलला नाही.

अन् दुपारी आमचे मास्तर शाळेतून आले, काही इचारलं नाही, पुसलं नाही, डायरेक्ट आतल्या खोलीत कम्प्युटरपुढे! पुतण्याले, शिवमले, मेल लिवायचा होता, बंगलोरले. अवो, पह्यले लिवून घ्या अन् मंग लाईन जोडा ना? नाही! पह्यले लाईन जोडली, अन् मंग एका बोटानं 'ए' कोठी आहे ते शोधू लागले.

इकडे मी म्हणलं, बाप्पा, फोन काऊन वाजत नाही? रिसिव्हर उचलला, तं चींईई... खर्रर्र... च्यांव च्यांव! भिमाबाईनं झपकन माह्या हातातून ओढला, कानाले लावला, अन् तिचा चेहराच फुलला हो. म्हणे, "पुष्पाबाई, लेकरू रडून राह्यलं का वं?"

लेकरू कुठचं, तो तं मोडम रडून राह्यला होता! मी आत पळाली. "अवो, बंद करा ते! भिमाबाईचा फोन यायचा आहे!" मास्तरांचा चेहरा पांढरा. म्हणे, "करतोच हाव, पण हे हालूनच नाही राह्यलं." कम्प्युटर गेला होता झोपी! बाण थिजला, पडदा थिजला. सासरा आजारी पडला, अन् घरजावई? लाईन काही सोडत नाही!

मी म्हणलं, बटन दाबा. तं म्हणे, "तसं चालत नाही. दुकानदारानं सांगतलं आहे, आज्ञा घेतल्याबिगर बंद केला तं आतलं सारं खराब होते." आज्ञा! इथं बाई जीव मुठीत घेऊन बसेल अन् आज्ञा कोणाची घेऊन राह्यले? मंग म्हणलं, लाईट तरी जाईन. रोज दुपारी जाते मेली, पंखा लावला का जाते, चक्कीवर गेलं का जाते... त्या दिवशी? बल्ब असा झगझग, जसं काही मांडवच घातला! जायाचं नावच नाही!

तं भिमाबाई उठली. पदर खोसला. आत आली, भिंतीतून आलेली फोनची तार दोन्ही हातांनी धरली, अन् अशी हासडली, का भिंतीवरचा फोनचा डबा, खिळे, चुना, सारं बाहेर! लाईन सुटली बाप्पा... पण अशी सुटली का फोनच मेला. ना चीं, ना खर्र.

मास्तरांनी कम्प्युटरकडे नाही पाह्यलं. भिमाबाईच्या हाताकडे पाह्यलं. तार अजून हातातच होती. हळूच म्हणे, "चला भिमाबाई, खामगाव तं खामगाव. तिथं समजनच." एका स्कूटरवर तिघं, गेलो स्टँडवर. मास्तर फोनचा लाईनमन पाहाले मागं फिरले अन् आमी दोघी यष्टीत बसलो. सारा रस्ता बाईनं माहा हात धरला, तं सोडला नाही.

नांदुऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबली. समोर खामगावकून आलेली गाडी उभी, अन् तिच्यातून उतरते कोण? प्रसेनजित! एकटा. दाढी वाढेल, डोळे लाल, खिडकीत आमाले पाहून आमच्या गाडीकडे पळत. आता त्या जमान्यातलं तुम्हाले सांगते, चांगली बातमी फोननं येत जाय, अन् वाईट बातमी घेऊन माणूस येत जाय. भिमाबाई कशीबशी उतरली, अन् तिथंच खाली बसली. म्हणे, "पुष्पाबाई, हा काऊन आला? तुमी इचारा. माह्याच्यानं नाही इचारवत."

अन् हा गडी धापा टाकत काय म्हणते? "मामी... फोन... किती लावला फोन... एंगेज... नुसता एंगेज..." मी खांद्याले धरून हालवला त्याले! "अबे, फोन गेला खड्ड्यात! समीक्षा कशी आहे?"

"पोरगी झाली ना काकू! खामगावलेच झाली. दोघी चांगल्या आहेत. फोन लागेना म्हणून मीच घ्याले निंघालो."

भिमाबाई उठली, जावयाच्या पाठीत एक धपाटा घातला, अन् मंग त्याच्याच छातीवर डोकं ठेवून अशी रडली का अख्खा स्टँड पाहून राह्यला. कंडक्टरनं घंटी नाही मारली हो. थांबला बिचारा.

दुसऱ्या दिवशी मास्तर दवाखान्यात आले. जन्मात कोणाले 'चुकलं' न म्हणलेला माणूस, भिमाबाईपुढे मान खाली घालून उभा. म्हणे, "माह्यामुळं तुमचा जीव टांगणीले लागला." भिमाबाई म्हणे, "जाऊ द्या मास्तर, तुमची भिंत मीच फोडली ना!" अन् नात मास्तरांच्या मांडीवर दिली. माहे डोळे भरून आले हो, म्हणलं चला, मिटलं!

मिटते कुठचं? लेकरू मांडीवर, अन् प्रसेनजित बाजूले येऊन कानात इचारते, "मास्तर, मीबी कम्प्युटर घेऊन राह्यलो. मोडम आतला घेऊ का बाहेरचा?" अन् आमचे मास्तर खुर्ची ओढून, "आतलाच घे बे! सस्ता पडते!"

भिमाबाईनं माह्याकडे पाह्यलं. म्हणे, "पुष्पाबाई, माह्या पोरीच्या घरीबी फोन एकच आहे वं."

मी म्हणलं, असू दे भिमाबाई. आपण दोघी यष्टीचा पास काढून ठेऊ.