सुताविना माग

न्हाय, अप्पा, पुढच्या घराकडं जाऊ नका, कुलूप हाय तिथं. त्याच्या पुढच्यालाबी. बसा हितं उंबऱ्यावर — सोलापूरच्या गिरणीचा मुकादम मुरूम गावात माणसं न्यायला आला अन् आमचंच दार टाळून चालला, असं कसं? व्हय, माग वाजतोय. म्हणून वाटलं तुमास्नी, ह्या घरात काम हाय, हितं विचारायला नको. वाजतोयच की. आमचे मालक हायेत आत, शिवलिंगप्पा. सकाळधरनं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेत — विणकराचं दुसरं बसणं कुठलं?

म्या लगीन होऊन आले तवा ह्या गल्लीत वरडून बोलावं लागायचं — अल्याड आमचे माग, पल्याड आयुबभाईचे, धोट्याला उसंत न्हाय. आमची लुगडी आळंदच्या बाजारापातुर जायची. मग गिरणीची लुगडी आली, सवंग, अन् एकेक माग उतरला. कुणी सरकी काढायच्या कारखान्यात गेला, कुणी सडकेवर खडी फोडायला. मग तुमी लोक यायला लागलात. माझा सिद्धेश्वर असाच एका मुकादमामागं गेला. बसून विणणाऱ्याचं पोर, तिथं दिवसभर उभं — पाय सुजतेत आई, म्हणायचा. आता तेबी म्हणत न्हाय. येतच न्हाय वो. तरी बरं हाय त्याचं, खातोय दोन घास. आमी काय, आमचा माग चाललाय.

लढाई लागली अन् सूत सरकारच्या कंट्रोलात गेलं, मिळंना — पर हे विणतेत. काय विणतेत म्हंजे? कापडच की. तुमी असं कान देऊन काय ऐकताय, अप्पा? … तुमीबी विणकराच्या घरचेच व्हय? मग कळलं असंल तुमास्नी. सुतावर मागाची फणी बसली की आवाज दबतो. ह्यो कोरडा हाय, लाकडावर लाकूड. पाडव्यापासनं सूत न्हाय मागावर. माग थांबला की लोक म्हणतेत घर बसलं, म्हणून रोज रिकामाच मारतेत. अन् म्या भाकरी देताना म्हणते, आज लई चाललाय माग. तेबी व्हय म्हणतेत.

न्हाय न्हाय, त्यास्नी नेऊ नका. दमा हाय, चार पावलं चालले तरी बसतेत. पर — जरा हळू बोला — बाया घेतात म्हणं गिरणीत, सुताच्या कांड्या भरायला? हे हात बघा. जलमभर त्यांच्याच मागाला कांड्या भरल्या, धागा कवा तुटू दिला न्हाय. मल्लम्मा म्हणून सांगा तिथं. सिद्धेश्वरबी दिसंल एकांदी बारी, दुरनं का असंना. ह्यांच्या भाकरीचं काय म्हणता? पल्याडच्या गल्लीतली नीलम्मा घालीन म्हणलीय. व्हय… विचारून ठेवलंय म्या. कवाच विचारलंय. त्यास्नीच तेवढं सांगितलं न्हाय. काय सांगू? म्हणतील, तू गेल्यावर माझ्या कांड्या कोण भरंल? कांड्या. घरात धागा न्हाय अन् कांड्या —

थांबला.

माग थांबला, अप्पा. इतक्या वर्सांत दुपारचा कवा थांबला न्हाय.

उठा तुमी. आता काई बोलू नका, त्यास्नी ऐकू गेलंय. सोलापूरची मोटार कवा निघती तेवढं सांगा, अन् जावा.