भाकरी गेटबाहेर, क्रीमरोल आत

अन्याय झाला तो माझ्यावर, संगीता येळवंडेवर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या शिफ्टला, कंपनीच्या गेटवर. नाव लिहा खुशाल. आमी मूळचे चाकणकडचेच, आता जिथं पार्ट पॅक करते तिथं सासऱ्यांची ज्वारी व्हायची, जमीन गेली, पैसा भावकीत जिरला आन मी ठेकेदारीवर लागले. ते जाऊ द्या.

काय सांगू तुम्हाला, आधी नुसता बीपी होता. चक्कर आली म्हणून पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेले, रक्त-लघवी तपासली, डॉक्टर म्हणाले किडनी थोडी मंदावलीय, सुरुवातच हाय, सांभाळलं तर डायलिसिस लांब ठेवता येईल. मी नुसतं डायलिसिस तेवढं ऐकलं. घरी जाऊबाई म्हणाल्या, आजारी माणसानं हलकं खावं, डाळ बंद, भाकरी बंद. मग सकाळी चहा-खारी, दुपारी ब्रेड, संध्याकाळी बिस्किटं. आमच्यात आजाऱ्याला हेच देतात, भेटायला येणारा पण पुडाच आणतो. पार गळून गेले, पेट्या उचलवंनात.

दवाखान्यातल्या आहाराच्या ताईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, मावशी, ठेवायचं ते सोडलंत आन सोडायचं ते धरलंत. मग नीट सांगितलं, फॉस्फरस म्हणून एक असतंय, थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकणं जड जातं, साठलं की हाडं पोखरतं. डाळ-भाकरीतलं अंगात कमी मुरतं, पाकिटातल्या खाण्यात, बाटलीतल्या काळ्या थंड्यात वरून घातलेलं असतं ते बहुतेक सगळं मुरतं. पाकिटावर फॉस्फेट दिसलं की ठेवून द्या, दूध चहापुरतं घ्या, डाळ वाटीभर खा, पण खा. तेवढ्यानं अंगात जीव आला बघा.

आन मग हे. कुणीतरी डब्यातून सुटे पार्ट पळवले म्हणे, म्हणून त्या दिवसापास्नं डबाच बंद. वॉचमन रोज रामराम करणारा, त्यानंच डबा टेबलावर ठेवून घेतला. मी दवाखान्याचा कागद दाखवला, डबा उघडून दाखवला, भाकरी, दुधीची भाजी, मुगाची डाळ. आमचे सुपरवायझर तरणे साहेब आले, हसत म्हणाले, मावशी, आत क्रीमरोल हाय, थंडं हाय, सगळं फुकट, आजून काय पुरणपोळी पायजे का? बाया हसल्या. मी बी हसले, काय करणार.

चोर एक, उपाशी आमी सगळ्या. आन पर्मनंटवाल्यांना आत ताट मिळतं, भात-आमटीचं, ठेकेदारीच्या बायांना पाकीट. जेवणाची सुट्टी एवढीशी, गेटबाहेर येऊन खायला पुरत न्हाई. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, म्हणून कधी तोच क्रीमरोल खाते, थंडं मोरीत ओतते. पुढच्या तपासणीला जायला पाय उचलत न्हाई. किडनीचं जे गेलं ते परत येत न्हाई, उरलंय तेवढंच राखायचंय मला. दुसरं काय मागितलं?

मी एकटी बोलले तर ठेकेदार उद्या दुसरी बाई आणील. थकले आता. म्हणून तुम्हाला सांगते. तुमी पर्मनंट असाल, युनियनमधे असाल, नायतर साहेबच असाल, उद्या शिफ्टला जाताना आपल्या गेटवर थांबा आन म्हणा, डबा उघडून तपासा, पण आत जाऊ द्या. आन जाऊ देईपर्यंत तिथनं हलू नका.