कॅम्परचा एसी का बंद पडतो

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. मेकॅनिक त्यांच्या कॅम्परमधून, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीतून, उतरून समोर आला.

"काका, एसीच्या तुमच्या बाजूच्या जाळीत कुणीतरी मफलर कोंबलाय. वारा अडला की आत बर्फ धरतो, म्हणून एसी बंद पडतो."

"अगं, हे तुझे उद्योग?"

"मग? गार वाऱ्यानं रात्रभर खोकता तुम्ही."

"मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर माझ्यासाठी लावलेला एसी तुम्ही तसाच चालू ठेवून खोकत राहिला असतात."

"वेडी आहेस का? उकाडा सोसत नाही तुला."

"काका, जाळीचं तोंड काकूंकडे वळवून देऊ?"

"दे बाबा. आणि मी आपला पलीकडे, दाराजवळ झोपेन."

"काही नको. रात्री तुमचा हात हाताला लागला नाही, तर मला झोप येते का?"

"अगं हळू, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत."